पाद्रीबुवा, प्रॉबॅबिलिटी आणि स्पॅम

थॉमस बेझ हे नाव काढलं की आपल्यापैकी निम्म्या लोकांना मॅथ्सचा पेपर आठवतो आणि उरलेल्या निम्म्यांना मशीन लर्निंगचं प्रॅक्टिकल. तीन पिशव्या, त्यात लाल-काळे चेंडू, एक चेंडू काढला तो लाल निघाला, तर तो दुसऱ्या पिशवीतला असण्याची शक्यता किती? सूत्र पाठ आहे, आकडे घाला, पुढचा प्रश्न! पण हे बेझ कोण, कुठले, पोटापाण्याला काय करायचे हे आपल्याला कुणी शिकवत नाही आणि आपणही विचारत नाही. मी विचारलं, कारण आमच्या क्लबच्या मेल सर्व्हरवर त्यांचं नाव दिवसातून शेकडो वेळा उमटतं. कसं, ते पुढे येईलच.

(आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. घर म्हसवडला, त्यामुळे बोलायला माणदेशी मराठी पक्की आहे, पण लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घ कुठे पळतात देव जाणे. संपादक मंडळाने सांभाळून घेतलं असेलच.)

बेझ यांचा जन्म इंग्लंडमध्ये १७०१ च्या सुमारास झाला. घराणं मूळचं शेफील्डचं, सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यात पैसा केलेलं. वडील जोशुआ बेझ लंडनमध्ये धर्मोपदेशक होते, पण सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंडचे नव्हेत. तिथले विधी आणि नियम न मानणाऱ्यांचा एक वेगळा गट होता, त्यांना नॉनकन्फॉर्मिस्ट म्हणत. फादर आणि सिस्टर बघत लहानाची मोठी झाल्यामुळे मला वाटायचं, पाद्री म्हणजे सगळे एकाच कंपनीचे! पण तसं अजिबात नव्हतं. या वेगळ्या गटाच्या मुलांना ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे दरवाजे जवळजवळ बंद होते, कारण तिथे चर्च ऑफ इंग्लंडशी निष्ठा दाखवावी लागे. म्हणून थॉमस १७१९ मध्ये स्कॉटलंडला, एडिंबरा विद्यापीठात गेले. तिथे लॉजिक आणि थिऑलॉजी शिकले. ॲडमिशनची कटकट तेव्हाही होती म्हणायची.

परत आल्यावर काही वर्षं वडिलांच्या हाताखाली काम केलं आणि १७३० नंतरच्या दशकात टनब्रिज वेल्स या गावी माउंट सायन नावाच्या चॅपलमध्ये धर्मोपदेशक म्हणून गेले. टनब्रिज वेल्स म्हणजे औषधी पाण्याच्या झऱ्याचं गाव. लंडनची पैसेवाली मंडळी सीझनला तिथे पाणी प्यायला यायची. आपल्या महाबळेश्वर-पाचगणीसारखं समजा, फक्त स्ट्रॉबेरी नाही. बेझ यांनी लग्न केलं नाही. घरचं बरं होतं. रविवारी प्रवचन द्यायचं आणि बाकीचे दिवस गणित करायचं, असा साधारण दिनक्रम असावा.

त्यांच्या हयातीत छापून आलेली पुस्तकं फक्त दोन. १७३१ चं देवाच्या कृपाळूपणाविषयी, आणि १७३६ चं कॅल्क्युलसविषयी. बिशप बर्कली यांनी १७३४ मध्ये न्यूटनच्या कॅल्क्युलसची सालं काढली होती. शून्य नाही म्हणून भागायचं आणि मग शून्य आहे म्हणून सोडून द्यायचं, हे कसलं लॉजिक, असा त्यांचा मुद्दा. (फर्स्ट इयरला लिमिट शिकताना हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या मनात येतो, आपण तो गिळतो.) बेझ यांनी न्यूटनची बाजू घेऊन पुस्तक लिहिलं, पण स्वतःचं नाव न टाकता! तरीही १७४२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा माणूस प्रसिद्धीच्या बाबतीत भलताच संकोची होता हे मात्र खरं. ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं, ते तर त्यांनी जिवंतपणी कुठे पाठवलंच नाही.

ते काम काय होतं? त्या आधीच्या गणितींनी शक्यतेचा हिशोब एकाच दिशेने केला होता. पिशवीत काय आहे ते माहीत आहे, तर हातात काय येईल? बेझ यांनी प्रश्न उलटा केला. हातात जे आलं ते बघून पिशवीत काय असेल याचा अंदाज कसा बांधायचा? त्यांनी कल्पना केली एका सपाट टेबलाची. आपण कॅरम बोर्ड घेऊ. तुम्ही पाठ करून उभे आहात. मी एक सोंगटी बोर्डवर कुठेतरी टाकली. ती कुठे आहे ते तुम्ही बघायचं नाही. आता मी दुसरी सोंगटी टाकते आणि एवढंच सांगते, ती पहिलीच्या उजवीकडे पडली. मग तिसरी, तीही उजवीकडे. चौथी डावीकडे. प्रत्येक वेळी तुमच्या मनातली पहिल्या सोंगटीची जागा थोडी सरकते. सुरुवातीला ती कुठेही असू शकत होती. दहा सोंगट्यांनंतर तुम्ही बोर्डच्या एका पट्ट्यावर बोट ठेवू शकता, शंभरांनंतर तो पट्टा आणखी अरुंद होतो. खात्री कधीच होत नाही, पण अज्ञान मोजून-मापून कमी होत जातं. आणि नवीन माहिती आली की आधीचं मत फेकून द्यायचं नाही, त्यालाच दुरुस्त करायचं.

आधीचं मत, म्हणजे ज्याला प्रायर म्हणतात ते, किती महत्त्वाचं आहे हे समजायला कॅरमपेक्षा म्हसवड बरं. आमचा माण तालुका आणि महाबळेश्वर एकाच सातारा जिल्ह्यात. तिकडे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आमच्याकडे ५०० च्या आसपास. जूनमध्ये पश्चिमेला काळा ढग दिसला तर महाबळेश्वरचा माणूस छत्री उघडतो. आमचे आजोबा ढगाकडे बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. ढग तोच, पुरावा तोच. पण सह्याद्री ओलांडून आलेल्या ढगात आमच्यासाठी फार काही उरत नाही हे त्यांनी सत्तर वर्षं बघितलंय, म्हणून त्या एका ढगाने त्यांचं मत थोडंसंच हलतं. वारा फिरला, वीज दिसली, की आणखी थोडं हलेल. आजोबांना बेझ माहीत नाहीत, पण हिशोब तोच चाललेला असतो.

बेझ एप्रिल १७६१ मध्ये वारले. लंडनच्या बनहिल फील्ड्स या दफनभूमीत त्यांना घरच्यांजवळ पुरलं. ही नॉनकन्फॉर्मिस्ट लोकांची प्रसिद्ध दफनभूमी. तिच्याजवळचा ओल्ड स्ट्रीटचा भाग पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांचा अड्डा झाला हा योगायोग मला फार आवडतो. १९६९ मध्ये जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांनी वर्गणी काढून त्यांच्या थडग्याची डागडुजी केली.

त्यांच्या मागे राहिलेले कागद रिचर्ड प्राइस या मित्राकडे गेले. हेही धर्मोपदेशक, वेल्सचे. खरं सांगू का, या गोष्टीतला माझा हीरो प्राइसच आहे. दुसऱ्याच्या अर्धवट वहीतून अर्थ काढणं किती जीवघेणं असतं हे ज्याने सीनिअरचा कॉमेंट नसलेला प्रोजेक्ट कोड वाचलाय त्यालाच कळेल! प्राइस यांनी ते कागद नीट लावले, प्रस्तावना आणि शेवटी पुरवणी जोडली आणि जॉन कँटन यांच्यामार्फत रॉयल सोसायटीकडे पाठवले. २३ डिसेंबर १७६३ ला निबंध वाचला गेला. सगळं श्रेय त्यांनी मित्राला दिलं. पुरवणीत त्यांनी एक छान उदाहरण घातलं. एखादा माणूस नुकताच या जगात आला आणि त्याने सूर्य उगवताना पाहिला, तर उद्या तो पुन्हा उगवेल यावर त्याने किती पैज लावावी? आणि दहा लाख वेळा पाहिल्यावर किती? कितीही वेळा पाहिलं तरी पैज शंभर टक्क्यांवर जात नाही.

पुढे १७७४ मध्ये फ्रान्सच्या लाप्लास यांनी हाच विचार स्वतंत्रपणे मांडला आणि नंतर त्याला आज आपण शिकतो तसं सूत्राचं रूप दिलं. म्हणजे पाठ केलेलं सूत्र बरंचसं लाप्लासचं, नाव बेझचं! विसाव्या शतकात तर आर. ए. फिशरसारख्या दिग्गजाने हा सगळा उलटा हिशोबच नाकारला, कारण सुरुवातीचं मत आणायचं कुठून हा प्रश्न सुटत नव्हता. तेव्हा केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी बाजू लावून धरली. १९३९ मध्ये त्यांचं शक्यताशास्त्रावरचं पुस्तक आलं. आणि याच जेफ्रीज यांच्याकडे पीएच.डी. करायला आपल्या कोल्हापूरचा एक मुलगा गेला होता. वसंत शंकर हुजूरबाजार. जन्म १९१९, कोल्हापूर. परत येऊन त्यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला, १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९९१ मध्ये निधन झालं. कोल्हापूर इथून किती लांब? आणि आपल्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय?

आता मेल सर्व्हरकडे येते. आमच्या क्लबने भाड्याच्या एका छोट्या व्हर्च्युअल सर्व्हरवर स्वतःचा मेल चालवलाय. लिनक्स, पोस्टफिक्स, डव्हकॉट, स्पॅमअसॅसिन. फुकट जीमेल असताना हा उपद्व्याप कशाला, असं सगळेच विचारतात. शिकायला, दुसरं काय! पण मेल सर्व्हर लावायला एक रविवार पुरतो आणि स्पॅम थांबवायला अख्खं वर्ष. हा प्रश्न इंटरनेटपेक्षा जुना आहे. जॉन पोस्टेल, ज्यांनी १९८२ मध्ये एसएमटीपीचा नियम लिहिला, त्यांनी १९७५ मध्येच एक टिपण लिहून इशारा दिला होता की नको असलेल्या मशीनकडून येणारी मेल नाकारायची सोय नेटवर्कमध्ये नाही. तीन वर्षांनी, मे १९७८ मध्ये, एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवरच्या सुमारे चारशे लोकांना एकदम जाहिरात पाठवली आणि श्रीगणेशा झाला.

मी फर्स्ट इयरला असताना सर्व्हरवर हाताने लिहिलेले नियम होते. मेलमध्ये अमुक शब्द असला की इतके पॉइंट, पाचच्या वर गेलं की मेल स्पॅमच्या फोल्डरमध्ये. तातडीने, बँक खाते, व्हेरिफाय, शेवटची तारीख, लिंक. शब्द निवडलेले बरोबरच होते, फसवणुकीच्या मेलमध्ये हेच असतात. पण एका ज्युनिअरला एका ट्रस्टची स्कॉलरशिप मिळणार होती आणि त्या ट्रस्टची मेल आली, की बँक खात्याचा तपशील चार दिवसांत पाठवा, खालच्या लिंकवर भरा. सगळे शब्द जुळले! मेल स्पॅममध्ये गेली. त्याने फोल्डर उघडला तेव्हा तारीख उलटून आठवडा झाला होता. त्या वर्षीचा हप्ता गेला आणि घरच्यांनी फीसाठी कर्ज काढलं. नकली मेल इनबॉक्समध्ये आली तर आपण शिव्या घालून डिलीट करतो. खरी मेल स्पॅममध्ये गेली तर आपल्याला कळतच नाही. या दोन चुका सारख्या नाहीत, आणि नियमांच्या यादीला हा फरक कळत नव्हता.

पाद्रीबुवांची एंट्री इथे. त्यांचा हिशोब स्पॅमला लावायचा प्रयोग १९९८ मध्ये संशोधन निबंधांतून झाला आणि ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखामुळे तो घराघरात, म्हणजे सर्व्हरा-सर्व्हरात, पोहोचला. कल्पना सोपी आहे. कुठला शब्द वाईट हे माणसाने ठरवायचं नाही. फिल्टरला आपलीच स्पॅम आणि आपलीच चांगली मेल (तिला हॅम म्हणतात, हसू नका) दाखवायची आणि मोजू द्यायचं.

समजा २०० स्पॅम आणि २०० हॅम दाखवल्या. बँक खाते हे शब्द ६० स्पॅममध्ये आणि २० हॅममध्ये सापडले. म्हणजे ते दिसले की संशय तिप्पट. सेमिस्टर हा शब्द १ स्पॅममध्ये आणि ५० हॅममध्ये. म्हणजे तो दिसला की संशय पन्नासने भागायचा. आता प्रायर. धरून चाला की दारात येणाऱ्या दर १० मेलपैकी ९ स्पॅम, म्हणजे सुरुवातच ९ ला १ अशी. नुसते बँक खाते दिसले तर ९ गुणिले ३, २७ ला १, म्हणजे ९६ टक्के स्पॅम. गेली! पण त्याच मेलमध्ये सेमिस्टर असेल तर २७ भागिले ५०, ०.५४ ला १, म्हणजे ३५ टक्के. वाचली! ट्रस्टच्या त्या मेलमध्ये कॉलेजचं नाव, सेमिस्टर, मार्कशीट, हॉस्टेल हे सगळं होतं. नियमांच्या यादीने फक्त आरोप मोजले होते, बचावाचे साक्षीदार बोलावलेच नव्हते. ग्रॅहम यांनी तर मोजताना हॅममधल्या शब्दांची संख्या मुद्दाम दुप्पट धरली, म्हणजे खरी मेल अडकण्याची भीती आणखी कमी.

यात एक लबाडी आहे. शब्द एकमेकांशी संबंध नसल्यासारखे धरले जातात. बँक आला की खाते येणारच, पण फिल्टर त्यांना दोन वेगळे साक्षीदार समजतो. म्हणून याला नेव्ह, म्हणजे भोळा बेझ म्हणतात. भोळा असूनही तो काम चोख करतो, ही इंजिनिअरिंगमधली एक मजाच.

एकटा बेझ पुरत नाही हेही सांगायला हवं. स्पॅमवाले हुशार झाले. त्यांनी मेलच्या तळाशी कादंबरीतले उतारे चिकटवायला सुरुवात केली, मजकूर चित्रात लपवला. म्हणून दारातच काही पहारे लागतात. एसपीएफमुळे कळतं की या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या मशीनला आहे. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. डीमार्क सांगतं की या दोन्हींत गडबड निघाली तर काय करायचं. ग्रेलिस्टिंग म्हणजे अनोळखी सर्व्हरला थोड्या वेळाने या असं सांगून परत पाठवणं. खरा सर्व्हर पुन्हा येतो, घाईतला स्पॅमवाला बऱ्याचदा येत नाही. (मात्र ओटीपीची मेलही उशिरा येते, मग हॉस्टेलभर बोंब!) फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही सक्तीचं केलं. पण हे सगळे पहारे ओळख तपासतात, हेतू नाही. आधार कार्ड खरं आहे म्हणून माणूस सज्जन ठरत नाही ना? स्पॅमवालाही डोमेन विकत घेतो आणि सही करून येतो. त्या पुढचं काम पुन्हा बेझवर येतं.

आणि ते काम झालं की स्पॅमअसॅसिन मेलच्या हेडरमध्ये शेरा मारतं. बेझ_९९ म्हणजे ९९ टक्क्यांच्या वर स्पॅम. बेझ_०० म्हणजे एक टक्क्याच्या खाली. बेझ_५० म्हणजे सांगता येत नाही. स्वतःच्या पुस्तकावर नाव न टाकणाऱ्या माणसाचं नाव आता न वाचलेल्या मेलवरसुद्धा छापलं जातं!

आमची सध्याची अडचण मराठीची आहे. स्पॅमअसॅसिनचा बेझ किमान २०० स्पॅम आणि २०० हॅम दाखवल्याशिवाय तोंडच उघडत नाही. इंग्रजीत ते पटकन झालं. मराठीत मात्र खाते, खातं, खात्याचा, खात्यात, खात्यावर हे फिल्टरच्या लेखी पाच वेगळे शब्द. इंग्रजी अकाउंटला मिळणारा पुरावा आमच्याकडे पाच वाटण्यांत विभागला जातो, म्हणून मराठी हॅम जास्त लागते. आणि आपण सगळे मेल लिहितो इंग्रजीत, नाहीतर रोमन लिपीतल्या मराठीत! तेव्हा क्लबचा ॲड्रेस वापरणाऱ्यांना एक विनंती. मराठी मेल स्पॅममध्ये दिसली तर नुसती वाचून सोडू नका, ओढून इनबॉक्समध्ये आणा. रात्री दोन वाजता एक स्क्रिप्ट चालते, ती अशा ओढलेल्या मेल बेझला शिकवते.

गेल्या मार्गशीर्षातल्या सिद्धनाथाच्या रथाचं आमंत्रण गावाकडून मेलने आलं. यायचंच, तातडीने कळवा, वर्गणीसाठी खाते क्रमांक खाली दिला आहे. शेरा होता बेझ_५०. पाद्रीबुवांना सिद्धनाथ माहीत नव्हता. मी ती मेल शिकवणीला टाकली, सोबत घरच्या जुन्या तीसेक मराठी मेलही टाकल्या. पुढच्या आठवड्यात रथाच्या वेळेत बदल झाल्याची मेल आली, तिच्यावर बेझ_२० होतं.